बोट पांढरं पडतं तेव्हा यंत्राला नेमकं काय दिसतं?

निळाई | ९ जानेवारी, रात्री १०.४०

परवा पहाटे आई अंगणात भांडी विसळून आत आली. तिला जरा धाप लागल्यासारखं वाटत होतं म्हणून भावाने ऑक्सिमीटर लावला, तर पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा. दुसरं बोट, तिसरं बोट, तेच. घरात घबराट. मी तिचे हात हातात घेतले तर बर्फासारखे गार, नखं फिकट. पाच मिनिटं चोळले, कोमट पाण्यात बुडवून पुसले आणि पुन्हा लावला. ९७.

ऑक्सिजन आधीही तेवढाच होता. गार पाण्याने बोटातल्या बारीक धमन्या आवळल्या होत्या, रक्ताची ये-जा मंदावली होती, आणि यंत्राला धरायला नाडीच उरली नव्हती. त्वचेतला रक्तप्रवाह प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रांवर मी ११ वर्षं काम केलंय. तरी घरातल्या माणसांना दोन वाक्यांत हे समजावता येईना, म्हणून हा धागा.

आधी त्वचेबद्दल. त्वचेतलं रक्त फक्त त्वचेला पोसण्यापुरतं नसतं, ते शरीराचं उष्णता बाहेर टाकायचं साधन आहे. बऱ्या हवेत, स्वस्थ बसलेल्या माणसाच्या सगळ्या त्वचेतून मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त जातं. कडक उष्म्यात तेच ६ ते ८ लिटरपर्यंत चढतं, आणि थंडीत जवळजवळ बंद होतं. एवढी चढउतार फार थोड्या अवयवांत दिसते. बोटांची टोकं, तळहात, तळपाय, कान, नाक, ओठ इथे तर धमनीतून थेट शिरेत रक्त सोडणाऱ्या आडवाटा असतात. सहानुभावी मज्जातंतूंनी, म्हणजे आपल्या इच्छेविना आपोआप चालणाऱ्या मज्जातंतूंनी, इशारा दिला की त्या क्षणात मिटतात. म्हणून भीतीनेही हात गार पडतात.

आता मोजायचं कसं? सगळ्यात जुनी प्रकाशाची रीत १९३७-३८ ची. अमेरिकेत सेंट लुईसला आल्रिक हर्ट्झमन यांनी बोटावर प्रकाश टाकून परत येणारा प्रकाश फोटोसेलने, म्हणजे प्रकाशाचं विजेत रूपांतर करणाऱ्या भागाने, टिपला. रक्त प्रकाश शोषतं. हृदयाच्या ठोक्यासरशी बोटात रक्त थोडं वाढतं, म्हणजे परतणारा प्रकाश थोडा घटतो. ठोका गेला की पुन्हा वाढतो. ही जी लाट येते तिला फोटोप्लेथिस्मोग्राम म्हणतात, आम्ही आपलं पीपीजी म्हणतो. एकूण प्रकाशात या धडधडत्या भागाचा वाटा बहुतेकदा शेकडा एक-दोनच. बाकी सगळा प्रकाश हाड, मांस, शिरेतलं रक्त आणि त्वचेचा रंग यांतून स्थिरपणे येतो.

ऑक्सिमीटर याच लाटेवर उभा आहे. जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले ताकुओ आओयागी कानाला प्रकाश लावून हृदयातून किती रक्त बाहेर पडतं ते रंगद्रव्याच्या मदतीने मोजत होते, आणि नाडीची लाट मध्ये लुडबुडत होती. ती घालवायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की दोन तरंगलांबींवरच्या, म्हणजे प्रकाशाच्या दोन रंगांवरच्या, या लाटांचं गुणोत्तर धमनीतल्या ऑक्सिजनवर ठरतं. साल १९७४. कोविडमध्ये आपल्याकडे 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या वेळी दारोदार जे यंत्र फिरलं, त्याचं मूळ हे. आओयागी त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये गेले.

माझा मुद्दा आता येतो. ही लाट म्हणजे रक्तप्रवाह नव्हे. पीपीजी ठोक्यागणिक बोटात रक्ताचं आकारमान किती बदललं ते दाखवतो. करून बघा: हात मांडीवर ठेवून लाट बघा, मग हात डोक्याच्या वर धरा. लाट बहुधा मोठी होईल. रक्त काही जास्त जात नाही. हात वर गेल्यावर शिरा रिकाम्या होतात, धमनीतला दाब उतरतो, तिची भिंत सैल पडते आणि त्याच ठोक्याला ती जास्त फुगते. लाट वाढली म्हणजे प्रवाह वाढला असं मानणारा इथे हमखास फसतो. सुरुवातीला मीही फसले होते आणि चार दिवसांची मोजमापं टाकून द्यावी लागली होती, कारण हात हृदयाच्या पातळीला आहे की नाही हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

प्रवाहाच्या जास्त जवळ जातो तो लेझर डॉप्लर. त्याबद्दल उद्या लिहिते, आज डोळे मिटतायत.

———

सोल्डरगन | ९ जानेवारी, रात्री ११.१५

वाचतोय. लिहित्या राहा. माझ्याकडे मॅक्स ३०१०२ चा छोटा सेन्सर पडून आहे, ६६० आणि ८८० नॅनोमीटरचे एलईडी असलेला. उद्या आर्डुइनोला (हौशी प्रयोगांचा छोटा संगणक-बोर्ड) जोडतो. एक शंका, मागे जोडला होता तेव्हा आलेख उलटा यायचा. ठोका पडला की आकडा खाली. सेन्सर खराब आहे का?

———

निळाई | १० जानेवारी, सकाळी ७.०५

सेन्सर ठणठणीत आहे. तो परत आलेला प्रकाश मोजतो. रक्त वाढलं की प्रकाश कमी, म्हणून आकडा खाली. दवाखान्यातली यंत्रं तो आलेख उलटा करून दाखवतात, डॉक्टरांना लाट वर जाताना बघायची सवय असते म्हणून.

जोडलात की एक प्रयोग करा. स्वस्थ बसा, हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. दोन मिनिटं काही करू नका. मग एकदम खोल, जोरात श्वास आत घ्या आणि सोडून द्या. पुढचं अर्धं मिनिट नुसतं बघत राहा. बोट सेन्सरवर दाबू नका, नुसतं टेकवा. जोरात दाबलंत तर तुम्हीच रक्त अडवाल.

———

सोल्डरगन | १० जानेवारी, रात्री ९.३०

केलं! अंगावर काटा आला खरंच. श्वास घेतल्यावर तीन-चार सेकंद काही नाही, मग लाटा आखडत गेल्या. एकेक ठोका आधीच्यापेक्षा बुटका. सगळ्यात खाली गेल्या तेव्हा मूळच्या निम्म्यासुद्धा नव्हत्या. मग हळूहळू परत भरल्या, अर्ध्या मिनिटात पूर्ववत. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. बायकोच्या बोटावरही आलं. हे काय आहे?

मग घरातला नेहमीचा ऑक्सिमीटर लावून बघितला, तर त्यावर लाट तेवढीच मोठी दिसत राहिली. असं का?

———

निळाई | १० जानेवारी, रात्री १०.२०

तुम्ही जे पाहिलंत ते रक्तवाहिन्यांचं आकुंचन, घडत असताना पाहिलंत. जोराचा श्वास घेतला की मज्जारज्जूतून सहानुभावी तंतूंमार्फत बोटांच्या धमनिकांना, म्हणजे अगदी बारीक धमन्यांना, इशारा जातो, तंतूंच्या टोकाला नॉरअॅड्रेनॅलिन हे रसायन सुटतं, आणि धमनिकांच्या भिंतीतले स्नायू आवळतात. सुरुवातीचे तीन-चार सेकंद त्या इशाऱ्याचा प्रवास आणि स्नायूचा आळस. मधुमेहात या तंतूंना इजा झाली असेल तर लाट आखडतच नाही, किंवा जेमतेम आखडते. म्हणून हा प्रतिसाद स्वायत्त मज्जासंस्था तपासायला वापरतात. घरच्या घरी त्यावरून निदान मात्र करू नका. खोली गार असेल, तुम्ही घाबरलेले असाल किंवा नुकती सिगरेट ओढली असेल तर बोटं आधीच आवळलेली असतात. अजून आवळायला जागाच उरत नाही.

ऑक्सिमीटरचं कोडं सोपं आहे. बरीच स्वस्त यंत्रं लाट छोटी झाली की स्वतःच मोठी करून दाखवतात, पडदा भरलेला दिसावा म्हणून. त्यामुळे त्या लाटेच्या उंचीवर जाऊ नका. पडद्यावर 'पीआय' असा आकडा असेल तर तो बघा. परफ्युजन इंडेक्स म्हणजे धडधडता भाग भागिले स्थिर भाग, टक्क्यांत. तो श्वासानंतर खाली येताना दिसेल.

आता काल राहिलेला लेझर डॉप्लर.

आगगाडी जवळ येताना शिट्टी चढी ऐकू येते, लांब जाताना उतरी. तेच प्रकाशाचं. लेझर त्वचेवर टाकला की बहुतेक प्रकाश स्थिर ऊतींवर आपटून होता तसाच परततो. थोडा प्रकाश धावत्या तांबड्या पेशींवर आपटतो आणि त्याची वारंवारता किंचित बदलते. किती किंचित? ७८० नॅनोमीटरच्या लेझरची वारंवारता सेकंदाला सुमारे ३८४ लाख कोटी. केशवाहिनीत पेशी सेकंदाला एखादा मिलिमीटर सरकते, त्याने पडणारा फरक फार तर काही हजार. एवढ्या मोठ्या आकड्यातला एवढा छोटा फरक थेट मोजणं अशक्य. पण स्थिर ऊतींवरून आलेला आणि पेशींवरून आलेला प्रकाश एकाच फोटोसेलवर पडले की दोघांतल्या फरकाचीच धडधड तयार होते, आणि ती कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडते. प्रयोगशाळेत एकदा आम्ही तो सिग्नल स्पीकरला जोडला होता. बोट स्वस्थ असताना रेडिओचं स्टेशन चुकल्यासारखी खरखर, प्रत्येक ठोक्याला जरा फुगणारी. दंडावरचा पट्टा फुगवून रक्त अडवलं तशी ती बसत गेली. पट्टा सोडल्यावर जी उसळली ती आधीच्यापेक्षा कितीतरी मोठी. उपाशी राहिलेली त्वचा रक्तावर तुटून पडते ना, तो आवाज. मी कितीतरी वेळा पट्टा फुगवला आणि सोडला.

बोटाच्या टोकावर हे पहिल्यांदा दाखवलं मायकेल स्टर्न यांनी, १९७५ मध्ये, नेचर नियतकालिकात. पुढे स्वीडनच्या लिंकशोपिंगमध्ये गर्ट निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास त्याचं रोज वापरता येईल असं यंत्र केलं.

आकडा मिळतो तो पेशींची संख्या गुणिले त्यांचा सरासरी वेग असा, आणि एकक नुसतंच 'परफ्युजन युनिट'. मिलिलिटर नाही. प्रकाश साधारण एका मिलिमीटरपर्यंत शिरतो, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान जागा मोजली जाते. त्वचेला टेकवलेली लेझरची सळई दोन-तीन मिलिमीटर सरकवली तर आकडा दुप्पट येऊ शकतो, कारण खाली वेगळ्या वाहिन्या आल्या. आणि रक्त पूर्ण अडवलं तरी आकडा शून्यावर येत नाही, पेशी जागच्या जागी हलतच असतात. त्याला जैविक शून्य म्हणतात. ते वजा करायला विसरलं तर आकुंचन आहे त्यापेक्षा कमी भासतं.

———

कोकणकडा | ११ जानेवारी, दुपारी १.१०

फार छान चाललंय. माझा पीआय ४ आणि वडिलांचा १.१ येतो. त्यांचं रक्ताभिसरण कमी आहे असं समजायचं का? काळजी वाटतेय.

———

निळाई | ११ जानेवारी, दुपारी २.००

नाही, तेवढ्यावरून अजिबात नाही. हा आकडा माणसागणिक, बोटागणिक, चिमट्याच्या दाबागणिक बदलतो. वडिलांचा आजचा आकडा त्यांच्याच उद्याच्या आकड्याशी ताडा, तोही त्याच खोलीत, त्याच बोटावर, दहा मिनिटं बसल्यानंतर. या सगळ्या रीतींचा खरा उपयोग 'किती' सांगण्यात नाही, 'किती बदललं' सांगण्यात आहे. आकुंचन हा बदलच असतो. तो घडवून आणायचा, श्वासाने, गारव्याने, औषधाने, आणि आधी-नंतर ताडायचं. वडिलांना चालताना पोटऱ्या दुखतात, पायावरची जखम भरत नाही असं काही असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, पीआय कितीही असला तरी.

———

पारिजातक | ११ जानेवारी, रात्री ८.४५

मी त्वचारोगतज्ज्ञ. औषधाने आकुंचन घडवण्याचा विषय निघालाय तर आमच्या शाखेतली गोष्ट सांगायलाच हवी.

१९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी एक साधी चाचणी मांडली. स्टेरॉइडचं द्रावण हाताच्या आतल्या बाजूला लावायचं, वर प्लास्टिकने झाकायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, कातडी किती पांढरी पडली. स्टेरॉइड त्वचेतल्या वाहिन्या आवळतं, आणि जितकं जोरकस तितका फिकेपणा जास्त. आज मलमांवर सौम्य, मध्यम, तीव्र अशी जी वर्गवारी दिसते तिचा मोठा आधार ही फिकेपणाची चाचणी आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, १९९५ मध्ये जेनेरिक मलम मूळ मलमाच्या तोडीचं आहे का हे ठरवायलाही तीच धरली, फक्त डोळ्यांऐवजी क्रोमामीटरने. ते यंत्र झेनॉनचा झोत टाकून त्वचेचा रंग तीन आकड्यांत देतं. त्यातला 'ए' म्हणजे तांबडेपणा, तो किती उतरला आणि किती तास उतरलेला राहिला ते मोजायचं.

निळाईताई, एक प्रश्न. लेझर डॉप्लरने हा फिकेपणा नीट पकडता येत नाही असं वाचलंय. का?

दुसरं, इथल्या सगळ्यांना कळकळीने सांगते. हे आकुंचन म्हणजे गोरेपणा नव्हे. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडची क्रीम चेहऱ्यावर लावून 'उजळले' म्हणणाऱ्या मुली रोज बघते. पहिले काही दिवस चेहरा फिका आणि नितळ दिसतो. क्रीम बंद केलं की आवळलेल्या वाहिन्या सैल होऊन फुलतात, चेहरा लालबुंद, आग आग, मग ती पुन्हा तेच क्रीम लावते. वर्षभराने कातडी पातळ, बारीक लाल शिरा कायमच्या दिसायला लागलेल्या. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी परवाच आलेल्या १९ वर्षांच्या मुलीकडे तिसरी ट्यूब होती. कृपा करून घरात बघा, आरशाजवळ कुठली ट्यूब आहे.

———

निळाई | ११ जानेवारी, रात्री १०.००

डॉक्टर, हे तुम्ही लिहिलंत फार बरं झालं.

लेझर डॉप्लरबद्दल: हाताच्या आतल्या बाजूला स्वस्थ असताना प्रवाह मुळातच कमी असतो, त्यात अजून घट झाली तरी यंत्राच्या खरखरीत हरवते. आणि फिकेपणा येतो तो मुख्यतः वरच्या थरातल्या बारीक शिरांमध्ये साठलेलं रक्त कमी झाल्याने. म्हणजे रक्ताचा साठा घटला, वेग फारसा नाही. डॉप्लर वेगाकडे बघतो, रंगमापक (तुमचा क्रोमामीटर) साठ्याकडे. एकाच आकुंचनाबद्दल दोन यंत्रं दोन उत्तरं देतात आणि दोन्ही खरी असतात. म्हणून कुठलाही अहवाल वाचताना मी आधी यंत्र कुठलं ते बघते, आकडा नंतर.

———

सांजवात | १२ जानेवारी, सकाळी ६.३०

मी जळीत विभागात परिचारिका आहे. भाजलेली जागा किती खोल आहे हे पहिल्या दिवसांत अनुभवी डॉक्टरांनासुद्धा अवघड जातं. परदेशात त्यासाठी लेझर डॉप्लरचं चित्र काढतात ना?

———

निळाई | १२ जानेवारी, सकाळी ९.००

हो. सळई न टेकवता लेझर जागेवरून फिरवतात आणि प्रवाहाचा रंगीत नकाशा येतो. भाजल्यानंतर दोन ते पाच दिवसांत काढायचा, त्याआधी वाहिन्यांची उलथापालथ चालू असते. प्रवाह भरपूर तर आपोआप भरेल, नाही तर कातडी लावायची तयारी. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०११ मध्ये याची शिफारस केली. नुसत्या डोळ्यांचा अंदाज साधारण ६० ते ७५ टक्के वेळा बरोबर येतो असं म्हणतात, म्हणून हे मोलाचं.

त्याचीच चुलत बहीण म्हणजे लेझर स्पेकल. लेझर भिंतीवर टाकला की चमचमते कण दिसतात ना, त्यांचा फोटो काढायचा. खाली रक्त धावत असेल तर कण पुसट होतात, थांबलं असेल तर ठसठशीत. फर्चर आणि ब्रायर्स यांनी १९८१ मध्ये मांडलं. सगळा पंजा एका दमात, सेकंदाला अनेक चित्रं.

———

रानभूल | १२ जानेवारी, सायंकाळी ५.२०

मनगटावरच्या घड्याळात हिरवा दिवा असतो, ऑक्सिमीटरमध्ये लाल. का? आणि सावळ्या कातडीवर आकडे चुकतात हे खरं का?

———

निळाई | १२ जानेवारी, रात्री ९.१५

हिरवा प्रकाश रक्त जोरात शोषतं आणि तो खोल जात नाही, त्यामुळे हात हलला तरी नाडी सापडते. लाल आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा) प्रकाश आरपार जातात, म्हणून बोटाच्या चिमट्यात ते.

सावळ्या कातडीचं दुर्दैवाने खरं आहे. मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, धडधडत नाही, म्हणजे हिशेबातून ते वजा व्हायला हवं, पण तसं पुरतं होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असल्याचं कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा आढळलं, गोऱ्यांत ३.६ टक्के. एफडीएने जानेवारी २०२५ मध्ये चाचण्यांचे नियम कडक करायचा मसुदा काढला. आपल्या घरात सगळ्या छटा आहेत, म्हणून हे आपलंही दुखणं आहे. आकडा ९४ आणि माणूस धापा टाकतोय, तर माणसाकडे बघा.

———

गारवा | १३ जानेवारी, रात्री ११.५०

पहिल्यांदाच लिहितेय. मी नाशिकजवळ द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये आहे, प्रीकूलिंगला, म्हणजे माल गार करायच्या थंड खोलीत. वय २७. दोन हंगाम झाले, आत गेलं की दोन्ही हातांची मधली तीन बोटं पांढरीफटक पडतात, पेराला रेघ मारल्यासारखी. मग निळी. बाहेर आलं की लाल, आणि तेव्हा ठणका लागतो. एका डॉक्टरांनी 'थंडीने होतं' म्हणून सोडून दिलं. बोट पांढरं असताना ऑक्सिमीटर लावला, काहीच येत नाही. माझं रक्त थांबतं का?

———

निळाई | १४ जानेवारी, सकाळी ६.५०

गारवा, तुम्ही वर्णन केलंत तसंच वर्णन मॉरिस रेनॉ यांनी पॅरिसमध्ये १८६२ मध्ये केलं. पांढरं, निळं, लाल. त्या वेळी बोटाच्या टोकाला रक्त जवळजवळ थांबतं, म्हणून ऑक्सिमीटर गप्प असतो. तरुण बायकांत हे बऱ्याचदा नुसतं आकुंचन असतं, पाठीमागे दुसरा आजार नसतो. पण थोड्या जणींत ती संधिवाताच्या कुळातल्या, कातडी कडक करणाऱ्या आजाराची, स्क्लेरोडर्माची, पहिली खूण असते. यातला फरक ओळखायला प्रकाशाचीच फार सुंदर तपासणी आहे. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाने केशवाहिन्या बघतात. स्क्लेरोडर्माच्या २०१३ च्या निकषांत या तपासणीला गुण दिलेले आहेत. संधिवाततज्ज्ञांकडे जा, केशवाहिन्या बघा म्हणून सांगा, आणि रक्ताची एएनए चाचणी (शरीराच्याच पेशींविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधणारी) करायची का ते विचारा. तोवर आत जाताना दुहेरी हातमोजे, आणि नुसते हातच नाही तर अंगही उबदार ठेवा, कारण पाठ गारठली तरी बोटं आवळतात. बोटाच्या टोकाला जखम झाली तर एक दिवसही थांबू नका.

———

पारिजातक | १४ जानेवारी, सकाळी ८.१०

+१. आणि स्वतःच्या मनाने औषध थांबवू किंवा घेऊ नका. वाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या असतात, पण त्या तपासून द्याव्या लागतात.

———

गारवा | ६ फेब्रुवारी, रात्री ९.३५

निळाईताई, जाऊन आले. डॉक्टरांनी नखाजवळ तेलाचा थेंब टाकला आणि पडद्यावर माझंच बोट दोनशेपट मोठं करून दाखवलं. केसांत लावायच्या आकड्यांसारख्या वेटोळ्या, एका ओळीत, सारख्या अंतराने. कुठे फुगलेली नाही, कुठे गाळलेली जागा नाही. म्हणाल्या, नीटस आहेत. एएनए पण निगेटिव्ह. वर्षाने परत यायचं.

त्यांना विचारलं, जरा वेळ बघू का? बघू दिलं. एका वेटोळीतून तांबडे ठिपके एकामागोमाग एक जात होते. तुम्ही वर लिहिलेलं आठवलं आणि मी एकदम मोठा श्वास घेतला. ठिपके हळू झाले. एक क्षण जवळजवळ थांबलेच. मग परत चालायला लागले.